जपानच्या ग्रामीण जंक्शनवर गाडी कशी बदलावी : मिरजेची सवय असलेल्या प्रवाशांसाठी

पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांच्या गाड्यांतून मिरजेला चढउतार करत मोठे झालेल्या माणसाला जंक्शन म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही हाच माणूस जपानच्या डोंगराळ भागातील एखाद्या लहान जंक्शनवर उतरला की गोंधळतो, आणि या गोंधळाचे मुख्य कारण भाषा नसते. मिरजेला गाडी उशिरा आली किंवा चुकली तरी माणूस अडकून पडत नाही, स्थानकाबाहेर एस.टी. असते, वडाप असते, फलाटावर चहा मिळतो आणि पुढच्या गाडीची चौकशी करायला चार माणसे भेटतात. जपानच्या ग्रामीण जंक्शनवर गाडी अगदी वेळेवर येते, चार-पाच मिनिटांत दुसऱ्या फलाटावरची जोडगाडी सुटते, आणि ती चुकली तर तिच्या मागची गाडी कधी कधी पाच तासांनी असते. म्हणून तिथल्या प्रवासाची तयारी घरी बसूनच करावी लागते, आणि ती नेहमीच्या पद्धतीने पहिल्या गाडीपासून न करता शेवटच्या, सर्वांत दुर्मीळ गाडीपासून उलटी करावी लागते.

हे सगळे एका प्रत्यक्ष स्थानकाच्या आधाराने सांगणे सोपे जाईल. त्यासाठी ओकायामा प्रांताच्या वायव्य भागातील निइमी हे जंक्शन मी निवडले आहे. ओकायामा हे नाव आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ म्हणूनच ओळखले जाते आणि त्याची रचना ओकायामा शहरातील कोराकुएन या प्रसिद्ध बागेवरून घेतलेली आहे. ओकायामाहून उत्तरेकडे ताकाहाशी नदीच्या खोऱ्यातून वर चढत गेले की सुमारे ८० किलोमीटरवर निइमी लागते.

निइमीला तीन मार्गांच्या गाड्या येतात. कुराशिकीहून उत्तरेच्या किनाऱ्याकडे जाणारा हाकुबी मार्ग हा मुख्य मार्ग. तो १९२८ साली पूर्ण झाला आणि १९८२ मध्ये त्याचे विद्युतीकरण झाले. पूर्वेकडून, हिमेजी आणि त्सुयामाकडून, १५८ किलोमीटर लांबीचा किशिन मार्ग येऊन इथे संपतो. पश्चिमेकडे हिरोशिमापर्यंत जाणारा गेइबी मार्ग कागदोपत्री निइमीपासून नव्हे, तर सहा किलोमीटर पुढच्या बित्चू-कोजिरो या लहानशा स्थानकापासून सुरू होतो. पण त्याच्या गाड्या निइमीहूनच सुटतात, त्यामुळे नकाशात फाटा पुढे दिसला तरी गाडी बदलायला निइमीलाच उतरावे. किशिन आणि गेइबी या दोन्ही मार्गांवर निइमीच्या आसपास वीज नाही. तिथे डिझेलवर चालणारा, बहुतेक वेळा एकच डब्याचा रेल्वेमोटार धावतो.

मिरजेच्या जुन्या माणसांना इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. जपाननेही आपल्या लहान रेल्वेमार्गांसाठी नेमके हेच माप वापरले होते, आणि आपली ती गाडी इतिहासजमा झाली असली तरी जपानात या मापाच्या मोजक्या मार्गांवर अजून प्रवासी वाहतूक होते. निइमीचे रूळ मात्र त्या मापाचे नाहीत. तिथे जपानमध्ये बहुतेक ठिकाणी आढळणारे १०६७ मिलिमीटरचे माप आहे.

दुर्मीळ गाडी आधी पकडावी

समजा ओकायामाहून सकाळी निघून निइमीमार्गे गेइबी मार्गाने हिरोशिमाला जायचे आहे. बुलेट ट्रेनने हेच अंतर पाऊण तासाच्या आत कापता येते, त्यामुळे हा प्रवास कोणी घाईने करत नाही. डोंगरातली खेडी, भातशेती आणि लहान स्थानके पाहण्यासाठीच तो केला जातो. ओकायामा ते निइमी हा टप्पा अगदी सोपा आहे, कारण ‘याकुमो’ ही जलद गाडी साधारण तासाला एक असते आणि तिला सुमारे एक तास लागतो, तर सर्व स्थानकांवर थांबणारी साधी गाडी दीड तासाहून थोडा अधिक वेळ घेते. खरी अडचण निइमीच्या पुढे आहे. गेइबी मार्गावरच्या तोजो ते बिंगो-ओचिआइ या दोन स्थानकांमधल्या २५.८ किलोमीटरच्या टप्प्यावर नियमित वेळापत्रकानुसार दिवसाला प्रत्येक दिशेने अवघ्या तीन गाड्या असतात. निइमीहून त्यातली एक पहाटे, एक दुपारी एकच्या सुमारास आणि एक संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर सुटते. पहाटेची गाडी पकडायची तर आदल्या रात्री निइमीला मुक्काम हवा, आणि संध्याकाळच्या गाडीत अंधारामुळे बाहेरचे काहीच दिसत नाही. म्हणजे हातात उरली दुपारची एकच गाडी.

आता ही गाडी खिळा म्हणून ठोकावी आणि तिथून मागे मोजत यावे. दुपारी एकची गाडी म्हणजे निइमीला बारापर्यंत पोहोचलेच पाहिजे, कारण तासाभरात तिकीट, जेवण आणि स्वच्छतागृह ही सगळी कामे उरकायची असतात. बारापर्यंत पोहोचायचे तर ओकायामाहून ‘याकुमो’ने साडेदहाच्या आसपास, साध्या गाडीने दहाच्या आधी निघावे लागेल. त्यानंतर त्याच खिळ्यापासून पुढे मोजावे : बिंगो-ओचिआइला अडीचच्या सुमारास, तिथून मियोशीला, मियोशीला पुन्हा गाडी बदलून संध्याकाळी हिरोशिमाला. या हिशेबात सर्वांत सोपा, भरपूर गाड्यांचा टप्पा सर्वांत शेवटी ठरवला गेला, हे लक्षात घ्यावे. आपण बहुतेक जण उलटे करतो; आधी सोयीची सकाळची गाडी ठरवतो, मग पुढचे बघू म्हणतो, आणि निइमीच्या प्रतीक्षालयात बसून राहतो.

या मार्गांवरच्या गाड्या दिवसभरात सारख्या अंतराने का नसतात, हे समजले तर वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. ग्रामीण जपानमध्ये गाडीने रोज प्रवास करणारा मुख्य वर्ग म्हणजे माध्यमिक शाळेत जाणारी मुले आणि ज्यांना मोटार चालवता येत नाही असे वृद्ध. बाकी सर्वांच्या दारात मोटार असते. त्यामुळे गाड्या सकाळी सात-आठच्या आणि दुपारी चारनंतरच्या वेळेत एकवटलेल्या असतात आणि मध्ये मोठी पोकळी असते. सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत ग्रामीण जंक्शनवर गाडी बदलण्याची योजना आखू नये, असा एक ढोबळ नियम मी मानतो. निइमीची एकची गाडी त्या पोकळीच्या अगदी काठावर आहे.

वेळापत्रक

स्थानकावर भिंतीवर लावलेल्या तक्त्यात डाव्या बाजूला तासाचा आकडा आणि त्याच्यासमोर त्या तासात सुटणाऱ्या गाड्यांची मिनिटे लिहिलेली असतात. मोठ्या स्थानकावर एका तासासमोर दहा-बारा आकडे दिसतात. निइमीच्या किशिन किंवा गेइबी मार्गाच्या तक्त्यात कित्येक तासांसमोरची जागा कोरीच असते. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहितात. कामाचे दिवस आणि शनिवार-रविवार-सुट्ट्या यांचे रकाने अनेकदा वेगळे असतात, म्हणून आपला दिवस कोणत्या रकान्यात पडतो हे आधी पाहावे. जपानच्या राष्ट्रीय सुट्ट्या आपल्याला ठाऊक नसतात आणि सोमवारी सुट्टी असण्याचे प्रसंग तिथे बरेच येतात. गाडीच्या प्रकारांपैकी तीन नावे कानाला ओळखीची करून घ्यावीत : ‘फुत्सू’ म्हणजे सर्व स्थानकांवर थांबणारी, ‘काइसोकु’ म्हणजे काही स्थानके गाळणारी पण जादा आकार नसलेली, आणि ‘तोक्क्यू’ म्हणजे जादा आकाराची जलद गाडी.

वेळापत्रकात मोठा बदल दरवर्षी मार्चच्या मध्यात होतो. म्हणून एप्रिलमधल्या प्रवासाची आखणी जानेवारीत पाहिलेल्या वेळांवर करू नये. मोबाइलवरची मार्गशोधक साधने उत्तम आहेत, परंतु ती नेहमी सर्वांत लवकर पोहोचवणारा मार्ग सुचवतात. ओकायामाहून हिरोशिमाला विचारले तर ती बुलेट ट्रेनच दाखवणार. त्यांना मधले स्थानक म्हणून निइमी आणि बिंगो-ओचिआइ स्पष्टपणे घालावे लागते. मिळालेले उत्तर चित्र स्वरूपात साठवून ठेवावे आणि त्याची एक कागदी प्रतही जवळ असू द्यावी, कारण डोंगरातल्या बोगद्यांत आणि दऱ्यांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. स्थानकांची नावे जपानी लिपीत त्या कागदावर असली की चालकाला दाखवायला फार उपयोगी पडतात.

तिकीट

लांबचे तिकीट शक्यतो ओकायामासारख्या मोठ्या स्थानकावरच काढावे. लहान जंक्शनवरच्या खिडक्यांचे तास मर्यादित असतात, आणि अनेक ठिकाणी माणसाची जागा आता दूरवर बसलेल्या कर्मचाऱ्याशी पडद्यावरून बोलायला लावणाऱ्या यंत्राने घेतली आहे.

साध्या तिकिटाचा एक नियम मात्र आपल्या फार कामाचा आहे. १०० किलोमीटरपर्यंतचे तिकीट त्याच दिवशी वापरावे लागते आणि मध्ये उतरले की ते संपते. १०० किलोमीटरच्या पुढचे तिकीट दोन दिवस, २०० किलोमीटरच्या पुढचे तीन दिवस चालते, आणि टोकियो-ओसाकासारख्या महानगरांच्या परिसरातले प्रवास सोडले तर अशा तिकिटावर मधल्या स्थानकावर उतरून पुन्हा पुढे जाता येते. ओकायामा ते हिरोशिमा हा निइमीमार्गे जाणारा प्रवास २४५ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे एकाच तिकिटावर निइमीला उतरून, रात्र काढून, दुसऱ्या दिवशी पुढे जाणे नियमात बसते. तुकड्यातुकड्याने तिकिटे काढण्यापेक्षा हे स्वस्तही पडते. मार्ग मात्र तिकीट काढतानाच स्पष्ट सांगावा; अन्यथा यंत्र सरळ किनाऱ्याकडच्या मार्गाचे तिकीट देते.

‘याकुमो’ने जायचे असेल तर या तिकिटावर जलद गाडीचा जादा आकार पडतो. मार्च २०२४ पासून या गाडीच्या सर्व जागा आरक्षित झाल्या आहेत, त्यामुळे पूर्वीसारखे बिनआरक्षणाच्या डब्यात चढून बसणे आता चालत नाही. पास असला तरी जागा आधी नोंदवावी लागते. परदेशी प्रवाशांसाठीचा देशभराचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांना झाला, आणि केवळ ग्रामीण मार्गांवर हिंडण्यासाठी तो घेणे माझ्या मते व्यर्थ आहे. सुट्ट्यांच्या हंगामात मिळणारे ‘सेइशुन १८’ हे तिकीट त्यापेक्षा सोयीचे. नावात १८ असले तरी त्याला वयाची अट नाही. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन दिवसांसाठी १०,००० आणि सलग पाच दिवसांसाठी १२,०५० येनांना मिळते, एकाच व्यक्तीला वापरता येते आणि फक्त साध्या व काइसोकु गाड्यांत चालते. ‘याकुमो’त ते चालत नाही.

आणखी एक सावधगिरी. एकाच जंक्शनवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या असू शकतात. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन जेआर (जपान रेल्वे) कंपन्या झाल्या आणि तोट्यातले कित्येक मार्ग स्थानिक प्रशासन व खासगी भांडवलाच्या संयुक्त कंपन्यांकडे गेले. निइमीच्या वाटेवरच्या सोजा स्थानकावरून १९९९ मध्ये सुरू झालेली इबारा रेल्वे सुटते; तिचे भाडे वेगळे आहे आणि जेआरचे पास तिच्यात चालतील असे गृहीत धरू नये.

फलाटावर

मोठे सामान घेऊन या प्रवासाला निघू नये. गाडी बदलायला चार मिनिटे असतात, जिने असतात, आणि प्रत्येक लहान स्थानकावर उद्वाहक (लिफ्ट) असतोच असे नाही. ओकायामा स्थानकावर नाणी टाकून सामान ठेवण्याची कपाटे आहेत. किंवा पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलवर ‘ताक्युबिन’ या कुरिअर सेवेने पेटी आदल्या दिवशी पाठवून द्यावी. जपानी लोक स्वतः हेच करतात.

‘याकुमो’ किंवा साधी गाडी निइमीत शिरण्यापूर्वी डब्यात पुढच्या जोडगाड्यांची माहिती सांगितली जाते. ‘नोरिकाए’ हा शब्द ऐकू आला की गाडी बदलण्याविषयी बोलणे चालले आहे असे समजावे, आणि ‘नोरिबा’ या शब्दाआधीचा आकडा हा फलाटाचा क्रमांक असतो. उतरल्यावर गर्दीच्या मागे जाऊ नये, कारण गर्दी बाहेरच्या दाराकडे निघालेली असते. फलक पाहून क्रमांक ठरवावा आणि तिथे गेल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी : हे फलाट पूर्वीच्या लांब गाड्यांसाठी बांधलेले आहेत आणि आता तिथे एकच डबा उभा राहतो. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिलेल्या माणसाला मग सामानासह पळत यावे लागते. कुठे उभे राहायचे याच्या खुणा फलाटावर रंगवलेल्या असतात. खुणा कळल्या नाहीत तर शाळेची मुले जिथे उभी असतील तिथे उभे राहावे.

आपली गाडी उशिरा धावत असेल तर उतरेपर्यंत वाट पाहू नये. गाडीतल्या कर्मचाऱ्याकडे जाऊन पुढच्या स्थानकाचे नाव असलेला कागद दाखवावा. जोडगाडीचे प्रवासी आहेत हे कळले की ती गाडी काही मिनिटे थांबवून धरली जाण्याची शक्यता असते. कोणी सांगितलेच नाही तर ती वेळेवर सुटते.

एकट्या चालकाची गाडी

आपल्या लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे, म्हणून हे सविस्तर सांगतो. गेइबी आणि किशिन मार्गांवरच्या एका डब्याच्या गाडीत गार्ड नसतो, तिकीट तपासनीस नसतो. चालक गाडी चालवतो, दारे उघडतो आणि भाडेही तोच घेतो. या पद्धतीला तिथे ‘वानमान’ म्हणतात आणि गाडीच्या समोर तशी पाटी असते. मधल्या बहुतेक स्थानकांवर कोणीही कर्मचारी नसतो. म्हणजे आपल्या एस.टी.त वाहक नसताना चालकानेच तिकिटे फाडावीत तसा हा प्रकार असतो.

बिनकर्मचारी स्थानकावरून चढताना सहसा डब्याच्या मागच्या दारातून चढायचे. दार आपोआप उघडले नाही तर शेजारचे बटण दाबावे, आणि मागून कोणी येत नसेल तर आत गेल्यावर दार बंद करण्याचे बटणही दाबावे. हिवाळ्यात ते न केल्यास डब्यातले सगळे लोक गारठतात. दाराजवळच्या छोट्या यंत्रातून एक चिठ्ठी बाहेर आलेली असते. ती ‘सेइरिकेन’, आणि तिच्यावरचा क्रमांक आपण कोणत्या स्थानकावरून चढलो हे सांगतो. चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो; त्यात आपल्या क्रमांकाखाली त्या क्षणी किती भाडे झाले ते दिसते आणि प्रत्येक स्थानकागणिक ते वाढत जाते. उतरताना पुढच्या दाराशी जाऊन चिठ्ठी आणि नेमके भाडे चालकाशेजारच्या पेटीत टाकायचे. आधी काढलेले तिकीट असेल तर ते दाखवून त्याच पेटीत टाकायचे. लांबचे, मध्ये उतरण्याची मुभा असलेले तिकीट मात्र फक्त दाखवायचे, टाकायचे नाही.

पेटी सुटे पैसे परत देत नाही, हे विसरू नये. तिच्याजवळच नोट मोडण्याचे यंत्र असते, पण ते साधारणपणे १००० येनांचीच नोट घेते. दहा हजारांची नोट घेऊन उतरू पाहणाऱ्या प्रवाशामुळे गाडीला उशीर होतो आणि चालक मान लववून माफी मागत राहतो, जे पाहून आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखे होते. म्हणून १००० च्या चार-पाच नोटा आणि १०० व १० येनांची नाणी खिशात ठेवावीत. शहरात सगळीकडे चालणारी रेल्वेची कार्डे निइमीच्या आसपास किशिन आणि गेइबी मार्गांवर उपयोगी पडत नाहीत. ओकायामाला कार्डाने आत शिरून एखाद्या अशा लहान स्थानकावर उतरले तर हिशेब पुरा करण्यासाठी पुढे पुन्हा कुठल्या तरी मोठ्या स्थानकावर जावे लागते.

निइमीत उतरणाऱ्यांना हे सगळे करावे लागत नाही. तिथे कर्मचारी असलेल्या वेळेत सर्व दारे उघडतात आणि तिकीट बाहेरच्या दाराशी द्यायचे असते.

बिंगो-ओचिआइ

निइमीहून निघालेली दुपारची गाडी सुमारे दीड तासात बिंगो-ओचिआइला पोहोचते. अंतर ५१ किलोमीटर आहे, पण काही ठिकाणी दरडीच्या धोक्यामुळे गाडी ताशी २५ किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगाने सरकते. हे १९३५ मध्ये सुरू झालेले स्थानकही जंक्शनच आहे. इथून उत्तरेकडे शिंजीला जाणारा ८१.९ किलोमीटरचा किसुकी मार्ग फुटतो. आज इथे एकही कर्मचारी नाही, एके काळी इथे शंभराहून अधिक रेल्वे कर्मचारी काम करत, आणि वाफेची इंजिने फिरवण्याचे चक्र अजून गवतात पडून आहे.

अडीचच्या सुमारास निइमी, मियोशी आणि शिंजी या तीन दिशांनी आलेल्या तीन गाड्या इथे एकत्र येतात, प्रवासी एकमेकांच्या गाड्यांत जातात आणि थोड्याच वेळात तिन्ही गाड्या निघून जातात. दिवसातून हे असे एकदाच घडते. या थांब्यात प्रत्येकाला छायाचित्रे काढायची असतात, पण आधी आपली पुढची गाडी कोणती ते पाहून तिच्यात पिशवी ठेवावी आणि मगच फलाटावर हिंडावे. तिन्ही गाड्या सारख्याच दिसणाऱ्या, एक डब्याच्या असतात. समोरच्या पाटीवरचे गंतव्यस्थान आपल्या कागदाशी पडताळून घ्यावे. स्थानकाबाहेर दुकान नाही, हॉटेल नाही आणि टॅक्सीही उभी नसते, म्हणून इथे गाडी सोडून गाव पाहायला जाण्याचा विचार करू नये.

वेळ हाताशी असेल तर मी हिरोशिमाऐवजी किसुकी मार्गाची शिफारस करीन. या मार्गावर मिइनोहारा हे ७२७ मीटर उंचीवरचे, पश्चिम जपान रेल्वे कंपनीचे सर्वांत उंच स्थानक आहे आणि तिथून इझुमो-साकानेला उतरताना गाडी दोनदा दिशा बदलत नागमोडी खाली येते. आपल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ १९२९ पर्यंत अशीच उलट दिशेने जाण्याची सोय होती. ती पाहिलेली पिढी आता राहिली नाही, पण इथे ती पद्धत अजून रोज चालू आहे. हिवाळ्यात बर्फामुळे या टप्प्यावरची वाहतूक दीर्घकाळ बंद राहू शकते, त्यामुळे डिसेंबर ते मार्च या काळात हा बेत करू नये.

जायचे असेल तर फार लांबणीवर टाकू नये, हेही सांगायला हवे. पश्चिम जपान रेल्वे कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये तोट्यातल्या मार्गांचे आकडे जाहीर केले, तेव्हा तोजो ते बिंगो-ओचिआइ या टप्प्यावर १०० येन मिळवण्यासाठी सुमारे २५,००० येन खर्च होतात असे दिसले. मार्च २०२४ पासून या मार्गाच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी केंद्र सरकार, प्रांत, गावे आणि कंपनी यांची औपचारिक परिषद बसली आहे.

खाणे आणि थांबणे

निइमीत उतरल्यावर जेवणाची सोय शोधण्यात वेळ घालवू नये. ओकायामा स्थानकावरूनच डबा घेऊन निघावे. शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे, कारण उदोन नूडल्सचे पाणी आणि पुष्कळशा भाज्यांचा रस्सा सुक्या माशांच्या अर्कावर केलेला असतो आणि दुकानदाराला तो मांसाहार वाटत नाही. भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असे सांगलीकराच्या पिशवीत असतेच. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ मात्र जपानमध्ये नेण्यावर कडक निर्बंध आहेत, म्हणून ते घरीच ठेवावेत. ग्रामीण गाडीत समोरासमोरच्या आसनांवर बसून शांतपणे खाल्ले तर कोणी काही म्हणत नाही, पण शाळेच्या वेळेत भरलेल्या डब्यात खाऊ नये, आणि फोनवर बोलणे तर कोणत्याच वेळी करू नये.

तासगाव-मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांना निइमीत एक दिवस मुक्काम करायला हरकत नाही. हा प्रदेश पिओने या काळ्या द्राक्षांसाठी ओळखला जातो. ती बिनबियांची करण्यासाठी घड जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाच्या द्रावणात बुडवतात, आणि ते ‘जीए’ आपल्याकडे बागेत कसे वापरतात हे इथल्या बागायतदाराला सांगण्याची गरज नाही. हे रसायन मुळात जपानी शास्त्रज्ञांनीच शोधले. सप्टेंबर हा त्या द्राक्षांचा हंगाम आहे. स्थानकाबाहेरून सुटणाऱ्या गावोगावच्या बस संध्याकाळी लवकर संपतात आणि काही सेवा आदल्या दिवशी दूरध्वनीवर नोंदवाव्या लागतात, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून ठेवावे.

गाडी चुकली किंवा बंद पडली तर

चुकणे आणि बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी आपल्या चुकीने चुकली तर हातातले तिकीट बिघडत नाही. १०० किलोमीटरच्या पुढचे तिकीट असेल तर निइमीला राहून दुसऱ्या दिवशी पुढे जाता येते, किंवा वेगळे भाडे भरून हाकुबी मार्गाने मागे कुराशिकीला येऊन दुसरा मार्ग धरता येतो. निइमीला अडकलो तर घाबरू नये, कारण मुख्य मार्गाच्या गाड्या उशिरापर्यंत असतात. पश्चिमेकडे बिंगो-ओचिआइच्या दिशेने मात्र पुढची गाडी आहे याची खात्री झाल्याशिवाय एक स्थानकही पुढे जाऊ नये.

पावसामुळे गाडी बंद पडणे हे जून-जुलैच्या पावसाळ्यात आणि सप्टेंबरच्या वादळांत नेहमीचे आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पाऊस पडला की गाड्या थांबवल्या जातात आणि रूळ तपासल्याशिवाय सोडत नाहीत. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत गेइबी मार्गाचा पूल वाहून गेला आणि पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी कुठवर आले होते हे ज्यांनी पाहिले त्यांना यात नवल वाटणार नाही. अशा वेळी स्थानकातल्या खिडकीशी जाऊन तिकीट दाखवावे. कंपनीने गाडी रद्द केली असेल तर न वापरलेल्या भागाचे पैसे परत मागता येतात, आणि बदली बस सोडली असेल तर त्याच तिकिटावर तिच्यातून जाता येते. ही बस बहुधा स्थानकासमोरच्या चौकातून सुटते, फलाटावरून नव्हे, आणि तिची घोषणा एकदाच होते. म्हणून अशा दिवशी प्रतीक्षालयात झोप काढण्यापेक्षा खिडकीजवळच उभे राहावे आणि आपल्या कागदावरचे गंतव्यस्थानाचे नाव कर्मचाऱ्याला आधीच दाखवून ठेवावे. बस आली की तो स्वतः बोलवायला येतो.